बॅटरीने केलेली चहाडी

रास अल खोरला रोहित पक्षी पाहताना आपण फोटो काढतो आणि आपण कुठे आहोत, हे फोन टिपून ठेवतो. ती नोंद पुढे कुठे जाते?

जुलै 2009 मध्ये एतिसलातने इथल्या ब्लॅकबेरीधारकांना सेवासुधारणेचे म्हणून एक अपडेट पाठवले. ते घेताच बॅटऱ्या भराभर उतरू लागल्या, म्हणून शंका आली. हे पाळतीचे सॉफ्टवेअर आहे, आमचे नव्हे, असे ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिम कंपनीने जाहीर केले आणि ते काढण्याचे साधनही दिले.

आता अमिरातीत 2021 चा 45 क्रमांकाचा कायदा आहे. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसायला लावण्याचा हक्क तो देतो. पण मागितल्याशिवाय हक्क पदरात पडत नाही, असे माझे मत.

दिवाळीच्या साफसफाईत फोनमधल्या परवानग्याही झाडून काढा. गावी आईबाबांच्या फोनमधल्याही. मात्र त्यांना विचारून!