देवदत्त, दीर्घिका आणि न दिसणारं वस्तुमान

मीमांसकांचा देवदत्त तुम्हाला ठाऊक असेल. अंगानं धष्टपुष्ट, पण दिवसा जेवत नाही. अर्थात रात्री जेवत असला पाहिजे. ही अर्थापत्ती. आज हाच देवदत्त आपण आकाशात बघू.

सप्तर्षीच्या तारकासमूहात एनजीसी ३१९८ ही तबकडीसारखी दीर्घिका आहे. तिच्यातला हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी सोडतो. फिरताना केंद्राच्या मानानं तिची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते. तरंगलांबी किंचित बदलते, त्यावरून वेग काढता येतो.

सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. का? जवळजवळ सगळं वस्तुमान मध्यभागी, सूर्यात आहे. दीर्घिकेतही उजेड मध्याकडे दाटलेला, म्हणून बाहेर वेग घटावा. पण इथे तो सुमारे १५० वर पोचतो आणि उजेड विरला तरी तिथेच राहतो! याचा अर्थ, अंतर दुप्पट केलं की आतलं वस्तुमानही दुप्पट हवं. केंद्रापासून १ लाख प्रकाशवर्षांपर्यंत ते सुमारे १५ हजार कोटी सूर्यांइतकं भरतं. तारे आणि वायू मिळून एवढे होत नाहीत.

मग मॉडेलमध्ये तिसरा घटक येतो, अदृश्य वस्तुमानाचा हेलो. तिघांच्या वेगांचे वर्ग मिळवायचे आणि आलेख जुळवायचा. इथे मात्र आपण सावध व्हायला हवं. वायू मोजता येतो. ताऱ्यांच्या उजेडामागे वस्तुमान किती, हे बरंचसं गृहीतच धरावं लागतं. तबकडी जड धरा, हेलो हलका होतो. तबकडी हलकी धरा, हेलो जड होतो. आलेख दोन्हीकडे जुळतो. व्हॅन अल्बाडा आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याच दीर्घिकेवर हे दाखवलं. तेव्हा आलेख जुळला म्हणजे वाटणी कळली, असं नाही.

आणि मूळ अर्थापत्तीचं काय? युरेनसची चाल चुकली, तेव्हा न दिसणारा ग्रह मानला. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची चाल चुकली, तेव्हाही ग्रह मानला, तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाचा नियमच बदलला. मिलग्रोम १९८३ पासून दीर्घिकांबाबत हाच दुसरा मार्ग सुचवतात. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ अदृश्य वस्तुमानाच्या बाजूनं आहेत, कारण दीर्घिकासमूह आणि विश्वाचं पार्श्वप्रारण यांची साक्षही तिकडेच झुकते.

पण त्या वस्तुमानाचा कण प्रयोगशाळेत अजून हाती लागलेला नाही. देवदत्त रात्री जेवतो, असं मानायला आपल्याकडे भक्कम कारणं आहेत. ताटात काय असतं, ते अजून कुणी पाहिलेलं नाही.