विश्लेषण : रशियन साम्राज्यात ज्यूंसाठी पदवी म्हणजे परवाना का होती?

रशियाने ज्यूंना बोलावले नव्हते. १७७२ ते १७९५ या काळात पोलंडच्या तीन फाळण्या झाल्या आणि बळकावलेल्या प्रदेशाबरोबर लाखो ज्यूही साम्राज्याचे प्रजाजन झाले. त्यांचे करायचे काय, हा प्रश्न झारशाहीला अखेरपर्यंत सुटला नाही.

‘हद्द’ काय होती?

सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या १७९१च्या हुकमापासून ज्यूंसाठी वस्तीची हद्द ठरू लागली. हीच ‘पेल ऑफ सेटलमेंट’. आजचे लिथुआनिया, बेलारूस, मोल्दोव्हा आणि युक्रेनचा बराचसा भाग तिच्यात येत होता. मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गमध्ये राहायचे तर खास परवानगी हवी. १८९७च्या जनगणनेत साम्राज्यात सुमारे ५२ लाख ज्यू होते. त्यातले ९० टक्क्यांहून अधिक याच पश्चिम पट्ट्यात.

शिका आणि सुटा...

अलेक्झांडर दुसरा याने ही हद्द थोडी सैल केली. १८६१ मध्ये विद्यापीठाची वरची पदवी मिळवणाऱ्या ज्यूंना, तर १८७९ मध्ये उच्च शिक्षण पूर्ण केलेल्या सर्वच ज्यूंना कुठेही राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे पदवी हाच परवाना! मग मुलांना रशियन शाळेत घालण्यासाठी घरोघरी धडपड सुरू झाली. १८८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत विद्यापीठांतील सुमारे १४ टक्के विद्यार्थी ज्यू होते. सरकारला हवे होते तेच घडत होते, पण जरा जास्तच वेगाने.

दार का बंद झाले?

१८८१ मध्ये झारची हत्या झाली. कटात एक ज्यू तरुणी होती, तेवढे निमित्त पुरले. दक्षिणेकडील शहरांत ज्यूंची घरे-दुकाने लुटली गेली. हेच ते ‘पोग्रोम’. १८८२च्या मे महिन्यातील नियमांनी हद्दीच्या आतही खेड्यांत नव्याने राहायला बंदी घातली. १८८७ मध्ये शिक्षणात कोटा आला : हद्दीत १० टक्के, बाहेर पाच, दोन्ही राजधान्यांत तीन. आपल्याकडे कोटा म्हणजे राखीव जागा; इथे ती कमाल मर्यादा होती. हद्दीतील अनेक शहरांत तर निम्मी वस्ती ज्यूंची.

मग अनेकांनी परदेश गाठला. पिन्स्कमध्ये शिकलेले हाइम वाइझमन रसायनशास्त्रासाठी जर्मनी आणि स्वित्झर्लंडला गेले. पुढे ते इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १८८१ ते १९१४ दरम्यान सुमारे २० लाख ज्यूंनी साम्राज्य सोडले.

हद्द मोडली कशी?

पहिल्या महायुद्धात लष्करानेच आघाडीजवळच्या ज्यूंना हेरगिरीच्या संशयावरून हाकलले. एवढ्या माणसांना ठेवायला जागा उरली नाही, म्हणून १९१५ मध्ये आतील शहरे त्यांना खुली झाली. मॉस्को आणि पेट्रोग्राड मात्र तेव्हाही बंदच होते. ती बंदी उठली १९१७ मध्ये, झार पायउतार झाल्यावर.