गिधाडे आणि आपली बुद्धी

बुद्धीच्या जोरावर माणसाने निसर्गावर मात केली, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. हे विधान भारतातील गिधाडांच्या उदाहरणावर तपासून पाहू.

डायक्लोफिनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध. माणसांना त्याचा गुण येतो, म्हणून १९९०च्या दशकात आपण ते गुरांनाही देऊ लागलो. औषध स्वस्त होते आणि लंगडणाऱ्या बैलाला त्याने चटकन आराम पडे. यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता.

त्याच काळात गिधाडे मरू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. सुरुवातीला संशय एखाद्या रोगाचा होता. खरे कारण २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून उघड झाले. ते होते डायक्लोफिनॅक!

हे कसे घडले? पक्षी शरीरातील नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. औषध दिल्यावर थोड्याच काळात मेलेल्या गुराचे मांस खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. मग युरिक आम्ल रक्तात साठते आणि हृदय, यकृत यांवर त्याचा पांढरा थर जमतो. काही दिवसांतच पक्षी मरतो. कुजक्या मांसातील घातक जंतू पचवणारा हा पक्षी एका साध्या वेदनाशामकापुढे टिकला नाही.

असे औषध असलेली मेलेली गुरे फार नव्हती. संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे १३० ते ७६० गुरांमागे असे एक गुरूही एवढ्या घटीला पुरेसे होते. कारण एका गुरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. मृत्यू झपाट्याने होत गेले, जन्म मात्र संथच राहिले.

गिधाडे गेली आणि मेलेली गुरे गावाबाहेर कुजत पडू लागली. भटक्या कुत्र्यांना आयते खाद्य मिळाले. मुंबईत पारशी समाजाच्या दखम्यांपुढेही प्रश्न उभा राहिला.

औषध बनवले ते बुद्धीने, आणि मृत्यूचे कारण शोधले तेही बुद्धीनेच. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषधही सापडले. तरी गिधाडे अजून पूर्वीसारखी परतलेली नाहीत. आपण प्रश्न विचारला तो एवढाच, की गुराला बरे वाटेल का? त्यानंतर हे औषध कुठे जाईल, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

म्हणून ‘मात’ हा शब्द इथे बसत नाही. आपण त्या अन्नसाखळीच्या बाहेर उभे नव्हतो, तिच्यातच होतो.

वर्गात एक करून पाहता येईल. साबण, खत, कीटकनाशक यांपैकी रोजच्या वापरातील एक वस्तू घ्या. वापरून झाल्यावर ती कुठे कुठे जाते, याचा नकाशा मुलांना काढू द्या. जिथे रेघ अडेल, तिथे संशोधनाचा विषय सापडेल.