कंठाचा पिंड आणि घराण्याचें वळण

‘अमक्याचा आवाज गोड, तमक्याचा घोगरा’, एवढें म्हणून आपण गवयाविषयींचा निकाल देऊन टाकतों. आवाज ही केवळ ईश्वरी देणगी, अशी आपली समजूत असते. परंतु तें अर्धेंच सत्य होय. गायनाची शैलीही कंठाला वळण लावीत असते.

कंठांतील स्वरतंतु सेकंदास २४० वेळां कंप पावले, म्हणजे त्यांबरोबरच ४८०, ७२०, ९६० अशा कंपसंख्यांचे उपस्वरही उमटतात. घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्या त्यांतील कांहींना उठाव देतात, कांहींना दडपतात. ध्वनीचा रंग उपस्वरांच्या या प्रमाणावर अवलंबून असतो, हें हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत विशद केलें. तोंड किती उघडावें, जीभ कोठें ठेवावी, दम किती लावावा, यांनीं हें प्रमाण पालटतें. आणि नेमकें हेंच गुरु शिष्याला शिकवितो.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं महाराष्ट्रांत रुजविलेल्या ग्वाल्हेर गायकींत आकार मोकळा व आवाज जोरकस. किराण्याचे अब्दुल करीमखां (निधन १९३७) यांचा स्वर उंच, बारीक, तंबोऱ्याच्या जवारींत मिसळून जाणारा. आग्र्याचे फैयाजखां (निधन १९५०) यांचा आवाज भरदार व ढाला. धृपदाच्या वळणाची नोमतोम त्याला शोभून दिसे.

मग कोणता आवाज श्रेष्ठ? हा प्रश्नच व्यर्थ आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकरां’त कंठध्वनीचे खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक असे चार भेद सांगितले, पहिल्या तिहींचें मूळ त्यानें अनुक्रमें कफ, पित्त व वात यांत मानलें. आजचें शास्त्र त्रिदोषांच्या भाषेंत बोलत नाहीं. तथापि प्रत्येक कंठाचा पिंड वेगळा, हें त्यालाही मान्य आहे.

घरांत गाणें शिकणारीं मुलें असतील, तर हें ध्यानीं ठेवावें. ध्वनिमुद्रण ऐकून एखादा कोवळा मुलगा खांसाहेबांसारखा ढाला आवाज काढूं लागतो. कोठें पुरुष शिक्षकाच्या खालच्या पट्टींत मुलीला बळेंच गावयास लावतात. ताणानें स्वरतंतूंवर सूज येते, पुढें गांठीही धरतात, आणि घरचे म्हणतात, ‘हिला गळाच नाहीं!’ घराण्याची शिस्त जरूर घ्यावी. गुरूचा गळा मात्र उसना घेऊं नये.