जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

घरांतील जुनी वस्तु टाकावी कीं दुरुस्त करावी, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत केव्हांना केव्हां निघतोच. पितळेच्या पातेल्यास कल्हई करून घेणें, आरामखुर्चीस नवें कापड चढविणें, यांत कोणास शंका वाटत नाहीं. परंतु संगणकाची गोष्ट निघाली कीं, तो थोड्या वर्षांत मोडींतच जावयाचा, अशी आपण सर्वांनीं मनाची समजूत करून घेतली आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या धाराशिव येथील घरीं जो प्रसंग आला, त्यामुळें ही समजूत आम्हांस पुन्हां तपासून पाहावी लागली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या परदेशस्थ बंधूंनीं २००६ सालीं तीर्थरूपांकरितां ‘मॅक मिनी’ नांवाचा लहानसा संगणक धाडला होता. साडेसोळा सेंटिमीटरांचा चौरस आणि पांच सेंटिमीटर उंची, एवढाच त्याचा आकार. पडदा व कळफलक बाहेरून जोडावयाचे. निवृत्तीनंतर तीर्थरूप त्यावर देवनागरी टंकलेखन शिकले आणि आपल्या आठवणी लिहूं लागले. निजामी राजवटींत उर्दूंतून झालेलें शिक्षण, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान शरण आल्याची वार्ता, १९६० सालचा महाराष्ट्र राज्याचा आरंभ, हीं प्रकरणें पुरीं झालीं होतीं. शेवटचें प्रकरण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचें. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, या दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक गांवें जमीनदोस्त झालीं. तें प्रकरण अर्ध्यावरच राहिलें आणि तीर्थरूप गेले.

मातोश्रींनीं तें स्वतः पुरें करावयाचें मनावर घेतलें. परंतु यंत्र अगदीं मंदावलें होतें, आणि नवा आणलेला प्रिंटर तर त्यास ओळखच देईना. आमचा पुतण्या म्हणाला, “आजी, आपण नवाच घेऊं. यांतला सगळा मजकूर मी त्यांत घालून देतों.”

त्यावर मातोश्री म्हणाल्या, “मजकूर घाल रे बाबा. पण ह्याला झालें आहे तरी काय, तें आधीं सांग. दुखणें न ओळखतांच माणूस बाहेर काढायचा का?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांपैकीं कोणासच देतां येईना. म्हणून शोधास आरंभ झाला.

दुखणें असें होतें. या यंत्राचा मेंदू, म्हणजे ‘कोअर ड्युओ’ नांवाचा प्रोसेसर, ३२ बिटांचा आहे. ३२ बिटांनीं आंकडे मांडावयाचे म्हटलें, तर सुमारें ४२९ कोटींपर्यंतच ते जातात. त्यामुळें स्मरणशक्तीचे पत्ते लिहिण्यास जणुं मर्यादित पानांचीच वही हातीं येते. अलीकडील प्रणाली ६४ बिटांची अपेक्षा धरतात. या यंत्राच्या मूळ कंपनीनें २०११ सालच्या आपल्या प्रणालींतून असे प्रोसेसर वगळले, आणि लिनक्स घराण्यांतील डेबियननेंही २०२५ च्या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिटांच्या संगणकांवर नव्यानें प्रणाली बसविण्याची सोय बंद केली. यंत्र मेलें नव्हतें. भोंवतालचें जग त्याची भाषा सोडून पुढें गेलें होतें.

येथें एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. एवढ्याशा डब्यांत मोठ्या संगणकाचा तापट प्रोसेसर मावत नाहीं, म्हणून मॅक मिनींत प्रथमपासून लॅपटॉपचाच प्रोसेसर घालीत. शिवाय २००६ व २००७ च्या नमुन्यांत तो काढतां-घालतां येईल अशा बैठकींत बसविलेला आहे. २००९ पासूनच्या मिनींत तो डाख देऊन बोर्डाशीं कायमचा जोडलेला असतो. तेव्हां तशाच जातीचा, परंतु ६४ बिटांचा प्रोसेसर मिळाला, तर काम होण्याजोगें होतें. पुतण्यास आठवण झाली कीं, त्याच्या वडिलांचा पडदा फुटलेला लॅपटॉप कित्येक वर्षें माळ्यावर पडून आहे. तो उघडतां आंत ‘कोअर २ ड्युओ’ मालिकेंतील टी ७२०० हा प्रोसेसर निघाला. ही मालिका जुलै २००६ मध्यें, म्हणजे आमच्या यंत्राच्या जन्मानंतर अवघ्या कांहीं महिन्यांनीं बाजारांत आली होती.

परंतु मिळाला म्हणून लगेच बसविला, असें करतां येत नाहीं. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली बैठक : दोहोंची बैठक ‘सॉकेट एम’ हीच होती. २००७ पासून आलेल्या त्याच नांवाच्या कित्येक प्रोसेसरांची बैठक निराळी आहे. नांव पाहून घेणारा तेथें फसतो. दुसरी दळणवळणाची गति : दोघेही बोर्डाशीं ६६७ मेगाहर्ट्झनेंच बोलतात. तिसरी, आणि आमच्या गांवच्या उन्हाळ्यांत सर्वांत महत्त्वाची, ती उष्णता. जुन्याचें उष्णतेचें मान ३१ वॅट, नव्याचें ३४ वॅट. म्हणजे तीन वॅटांचा बोजा अधिक. तो सहन व्हावा म्हणून आंतील धूळ साफ करणें व प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलणें अगत्याचें होतें.

यंत्रास हात लावण्यापूर्वीं तीर्थरूपांच्या सर्व लेखनाच्या दोन नकला काढून त्या दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेविल्या. हें काम आधीं झालें, म्हणूनच पुढील धाडस आम्हांस करवलें. डब्याचें वरचें आवरण पुट्टी लावण्याच्या पातळ पात्यानें कडेकडेनें उचलावें लागतें. मग स्क्रू, बारीक तारा, पंखा, हीटसिंक, असें एकेक उतरवीत बैठकीपर्यंत पोंचलों. प्रत्येक स्क्रू कोठला, हें पुतण्यानें कागदावर चित्र काढून टिपून ठेविलें होतें. तरीही उष्णता मोजणाऱ्या उपकरणाची बारीक तार जोडावयाची आम्ही विसरलोंच. यंत्र सुरू करतांच पंखा पूर्ण वेगानें घोंघावूं लागला आणि घरांतील बालगोपाळ माजघरांत पळालें. चूक सर्वस्वीं आमची होती. पुन्हां उघडून तार जोडली, तेव्हां पंखा शांत झाला.

प्रोसेसरची गति १.६६ गिगाहर्ट्झची २ झाली. त्याच वेळीं आम्हीं स्मरणशक्ति ५१२ मेगाबाइटांची २ गिगाबाइट केली व फिरत्या चकतीची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. खरें सांगावयाचें तर, यंत्र चपळ झालें त्याचें बरेंचसें श्रेय या दोन बदलांस आहे. प्रोसेसरनें दिलें तें निराळेंच : ६४ बिटांच्या नव्या प्रणालीचा दरवाजा उघडला. थोड्या खटपटीनें डेबियन बसली, आणि प्रिंटरनें पहिला कागद बाहेर टाकला.

ही हकीकत वाचून कोणी प्रत्येक जुनें यंत्र उघडूं लागेल, तर आमचा हेतु फसला असें होईल. २ गिगाबाइटांच्या स्मरणशक्तीवर लेखन, वाचन, हिशेब एवढें नीट चालतें. चलच्चित्रांचें संपादन किंवा अनेक पानें एकदम उघडून करावयाचें काम तेथें मागूं नये. ज्या घरांत मुलांच्या अभ्यासासाठींच संगणक हवा असेल, तेथें नवा घेणेंच शहाणपणाचें. आमच्या अनुभवाचें सार इतकेंच कीं, जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं जतन करावें, मग यंत्राचें दुखणें ओळखावें, तें किती सोसेल याचें माप घ्यावें, आणि मगच टाकण्याचा किंवा ठेवण्याचा निर्णय करावा. बहुधा आपण यांतील शेवटचीच पायरी प्रथम चढतों.

तीर्थरूपांचें लेखन युनिकोडमध्यें होतें, त्यामुळें नव्या प्रणालींत तें अक्षरशः जसेंच्या तसें उघडलें. मातोश्री रोज दुपारीं वामकुक्षीनंतर तासभर त्यापुढें बसत. आषाढ लागण्यापूर्वीं प्रकरण पुरें झालें. तीर्थरूपांचा मजकूर संपून आपला कोठें सुरू होतो, हें दाखविण्यास खूण घालावी काय, असें पुतण्यानें विचारलें.

“घाल,” त्या म्हणाल्या. “त्यांनीं लिहिलेलें त्यांचें, आणि मला आठवलें तें माझें. वाचणाराला दोन्ही कळायला हवें.”

त्या ओळीखालीं आतां एक लहानशी रेघ आहे.