बाबांचा आवाज आला, तानपुरा गप्प

२०१५ च्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते, तेव्हा त्यांना बेसमेंटमध्ये बसवून सहा अभंग रेकॉर्ड केले. पेटी मंडळातून आणली. तानपुरा मात्र कॉम्प्युटरमधला, म्हणजे प्लगइन. मिरजेचा माणूस, नाक मुरडणारच. पण काळी एकला लावून दिल्यावर डोळे मिटून गायले.

गेल्या महिन्यात पुण्याहून ताईचा फोन. ''वर्षश्राद्धाला बाबांचेच अभंग लावू. पाठव ना.''

तेव्हाच मिक्स करून गाणी बाहेर काढायला हवी होती. 'नंतर निवांत करू' म्हणत दहा वर्षं गेली. आता नव्या एम-थ्री मॅकबुकवर प्रोजेक्ट उघडला. बाबांचा आवाज लख्ख आला, तानपुऱ्याच्या ट्रॅकवर मात्र 'प्लगइन सापडत नाही'. नुसता आवाज ऐकवेना. बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइटच बंद, म्हणजे नवी आवृत्ती मिळायची आशा नाही.

भानगड चिपची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या एआरएम चिपचे मॅक आणले. दोन्ही चिपची भाषा वेगळी. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून 'रोझेटा २' हा दुभाषा दिला. मग माझा तानपुराच का अडला? कारण प्लगइन एकटं चालत नाही, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमच्या पोटात चालतं, आणि एका पोटात दोन भाषा चालत नाहीत. गवई एका पट्टीत नि पेटी दुसऱ्या पट्टीत, असं होत नाही ना, तसंच. लॉजिक प्रोसारखे काही प्रोग्रॅम जुन्या प्लगइनला बाहेर वेगळं बसवून मध्ये पूल बांधतात. माझ्या प्रोग्रॅमला ते जमत नव्हतं.

उपाय अगदी साधा निघाला (दोन रात्री गेल्यावर!). फाइंडरमध्ये प्रोग्रॅमवर 'गेट इन्फो' करून 'ओपन युजिंग रोझेटा' वर टिक केली. आता अख्खा प्रोग्रॅमच इंटेलच्या भाषेत बोलू लागला. नशीब, प्लगइन ६४-बिटचं होतं. ३२-बिटची प्लगइन्स २०१९ च्या कॅटालिनापासूनच बंद आहेत, तिथे रोझेटाही काही करू शकत नाही.

तानपुरा वाजला. मी थोडा वेळ काहीच केलं नाही.

पण हा दुभाषाही कायमचा नाही. ॲपलने २०२५ च्या जूनमध्येच सांगितलंय की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण चालेल; त्यानंतर काही जुन्या गेम्सपुरताच उरेल. म्हणून त्याच रात्री प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा वेव्ह फाइल करून काढला. वेव्हला कुठलंच प्लगइन लागत नाही, चिप कुठली का असेना. तुमच्याकडेही आजीच्या ओव्या, मंडळाच्या नाटकाचं पार्श्वसंगीत असं काही जुन्या प्रोजेक्टमध्ये पडलं असेल, तर सिस्टीम अपडेट करण्याआधी हे उरका. जुना इंटेल मॅक घरात असेल तर तोही इतक्यात देऊन टाकू नका. एआरएमवाला विंडोज लॅपटॉप घेणाऱ्यांनी प्रिंटर आणि साउंड कार्डचा एआरएम ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विचारावं. ड्रायव्हरला तिथेही दुभाषा मिळत नाही.

सहाही अभंग ताईला पाठवले. तासाभराने तिचा मेसेज आला, ''तिसऱ्यात मागे कुकरची शिट्टी आहे. काढू नकोस हं ती. बाबा हसलेत तिथे.''