शेक्सपिअर सक्तीचा, नाटक ऐच्छिक

लंडन : इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात शेक्सपिअरची जागा नावानिशी राखलेली आहे. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी त्याची दोन नाटकं अभ्यासायची आणि पुढे सोळाव्या वर्षाच्या जीसीएसई परीक्षेसाठी आणखी एक. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी शाळकरी मुलांपुढे येणारच. लंडनच्या एकेका वर्गात घरी सिल्हेटी, सोमाली, पोलिश, गुजराती बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. पण या भाषेपुढे कुणालाच जन्माचा फायदा नाही. सात पिढ्या इंग्लंडात काढलेल्या घरातला मुलगाही तितकाच अडखळतो.

ही अडचण टिपा आणि शब्दार्थ देऊन सुटत नाही, हे इथल्या काही शिक्षकांनी फार पूर्वी ओळखलं. केंब्रिजच्या रेक्स गिब्सन यांनी १९८६मध्ये ‘शेक्सपिअर अँड स्कूल्स’ हा प्रकल्प सुरू केला. नाटकाची संहिता ही प्रयोगासाठी लिहिलेली असते, तेव्हा वर्गानेही ती करूनच पाहावी, हा त्यांचा आग्रह होता. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००८मध्ये तीच गोष्ट तीन मागण्यांत मांडली : मुलांनी ते उभं राहून करावं, प्रत्यक्ष प्रयोग पाहावा आणि सुरुवात लहान वयात व्हावी.

करायचं म्हणजे काय? ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ घ्या. बाकं भिंतीला लावायची, वर्गाची दोन घराणी करायची आणि सुरुवातीचं रस्त्यावरचं भांडण उभं करायचं. त्यात एका घरचा नोकर दुसऱ्या घरच्यांना डिवचायला अंगठा चावून दाखवतो. पुस्तकात त्यासाठी टीप द्यावी लागते. समोरासमोर उभ्या राहिलेल्या मुलांना लागत नाही. दुसरा एक प्रकार मला फार शहाणपणाचा वाटतो. स्वगत म्हणत चालायचं आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलायची. पात्राचं मन थाऱ्यावर नसेल तर वाक्यं तुटक असतात. मूल सारखं वळत राहतं, गोंधळतं, आणि या माणसाला काय होतंय हे कुणी न सांगता त्याला उमगतं.

कधी कधी मुलांच्या हाती पूर्ण नाटक देतच नाहीत. एलिझाबेथच्या काळातल्या नटासारखी फक्त आपली वाक्यं आणि त्याआधीचे दोन-तीन शब्द, एवढंच कागदावर. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांत नटाला नक्कल मिळायची, तशीच ही. पुढे काय येणार ठाऊक नसल्यामुळे समोरच्याचं बोलणं कान देऊन ऐकावंच लागतं. पाठांतराने हे ऐकणं येत नाही.

खरं तर हे नवं नाहीच. ट्यूडर काळातल्या ग्रामर स्कूलमध्ये मुलं प्लॉटस आणि टेरेन्सची नाटकं करून लॅटिन शिकत. स्त्रीभूमिका मुलगेच करायचे. सेंट पॉल्स आणि ब्लॅकफ्रायर्स इथे तर केवळ मुलांच्या नाटकमंडळ्या होत्या. बालगंधर्वांची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला यात अनोळखी वाटावं असं काही नाही.

थेम्सकाठचं आजचं ग्लोब नाट्यगृह सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासातून उभं राहिलं. ते १९९७मध्ये खुलं झालं. ते पाहायला वॉनामेकर राहिले नव्हते, १९९३मध्येच ते गेले. इथे २००७पासून दरवर्षी खास शाळकरी मुलांसाठी आटोपशीर प्रयोग होतो. एका बँकेच्या मदतीमुळे लंडन आणि बर्मिंगहॅममधल्या सरकारी माध्यमिक शाळांना तिकिटं मोफत मिळतात. मुलं रंगमंचाला खेटून, उघड्या आभाळाखाली, उभ्याने नाटक बघतात. दिवसाचा उजेड नटांवर तसाच प्रेक्षकांवर पडतो, त्यामुळे नट मुलांच्या डोळ्यांत बघून बोलू शकतो. विचारलेल्या प्रश्नाला मुलं मोठ्याने उत्तर देतात, आणि त्यांना कुणी गप्प करत नाही. माझ्या मते, शंभर व्याख्यानांनी होणार नाही ते इथे दोन तासांच्या आत होतं.

लंडनबाहेर मात्र असं नशीब प्रत्येक शाळेचं नाही. परीक्षेचं दडपणही मोठं आहे. जीसीएसईला पुस्तक जवळ ठेवता येत नाही, म्हणून वसंतातले आठवडे अवतरणं घोकण्यात जातात. नाटक हा राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्वतंत्र विषय नाही. तो इंग्रजीच्या तासात सामावलेला आहे. २०१०मध्ये शाळांचं काम जोखण्यासाठी इंग्लिश बॅकलॉरिएट नावाचं माप आलं, त्यातही नाटकाला जागा दिली नाही. नंतरच्या वर्षांत जीसीएसईला नाटक घेणाऱ्यांची संख्या घसरत गेली. शेक्सपिअर सक्तीचा आणि नाटक ऐच्छिक, ही मांडणीच चुकीची आहे.

इथे राहणाऱ्या मराठी आईवडिलांना म्हणूनच एक विनंती : जीसीएसईचे विषय निवडताना तुमचं मूल नाटक म्हणालं, तर त्याला अडवू नका.